दोनदा घेतलेली रॅम : भाच्याच्या कॉम्प्युटरच्या नोंदी

४ जून

भाच्याला कॉम्प्युटर जोडून द्यायचाय. पैसे मोजके, म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसर ठरला एएमडीचा रायझन ५ ५६००जी, म्हणजे ग्राफिक्स त्याच्या पोटातच. बोर्ड (मदरबोर्ड) बी५५० चिपसेटचा, लहान आकाराचा, रॅमला चार स्लॉट. एसएसडी आणि पॉवर सप्लाय आधीच घेऊन ठेवलेत. उरली रॅम. तिला किती वेळ लागणार, असं म्हणून मी ती शेवटी ठेवली होती.

कार्ड असतं तर त्याची स्वतःची मेमरी असते. इथे ग्राफिक्सही याच रॅमवर पोसलं जाणार. त्यामुळे रॅम किती आहे याच्याइतकंच ती किती वेगाने चालते हेही बघायचं. डीडीआर४ (रॅमची एक पिढी) ३२०० वेगाची एक स्टिक, म्हणजे रॅमची एक पट्टी, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी पुरवू शकते. दोन स्टिक दोन वेगवेगळ्या चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटांवर, बसल्या तर ५१.२. काही लेबलांवर ३२०० ऐवजी ‘पीसी४-२५६००’ लिहिलेलं असतं, ते हेच. ३२०० गुणिले ८ बाइट.

तेव्हा १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८ च्या दोन हव्यात. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

५ जून

जुन्या सुट्या भागांचा खोका उपसला. रॅमच्या सहा स्टिक निघाल्या. तीन डीडीआर३, त्यांच्या पिना २४०, डीडीआर४ च्या २८८. खाचही दुसरीकडे, बसणारच नाहीत. एक लॅपटॉपची, आखूड. एक सर्व्हरमधून निघालेली, तिच्या लेबलवर ‘२आरx४’ (दोन रँक, म्हणजे चिपांचे दोन गट, आणि प्रत्येक चिप चार बिट रुंद) आणि पुढे ‘पीसी४-२४००टी-आर’. या जातीची रॅम सगळ्यात फसवी. खाच जुळते, स्लॉटमध्ये आरामात बसते, कुलूप लागतं आणि मशीन मात्र चालू होत नाही. शेवटचा ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड. साध्या डेस्कटॉपला ‘यू’ लागतो. जुनी रॅम स्वस्तात घेणाऱ्यांनी हे एक अक्षर आधी शोधावं.

सहावी कामाची निघाली. डीडीआर४, ८ जीबी, २६६६, ‘२आरx८’. हिच्यामुळेच पुढचे दोन आठवडे गेले.

६ जून

घरात ८ जीबी आहेच तर दुसरी ८ ची एकच घेऊ, अर्धे पैसे वाचतील, असा हिशोब केला. ३२०० वेगाची, सीएल (उत्तर देण्याआधी रॅम थांबते ते ठोके) १६ ची एक स्टिक मागवली. मनात म्हटलं, वेग वेगळे असले तर दोन्ही कमी वेगावर चालतील, फार तर काय होईल.

एवढं खरंही आहे. मी त्यावर थांबलो नाही, घोळ तिथे झाला.

११ जून

जोडणी. प्रोसेसर, पंखा, एसएसडी यात काही सांगण्यासारखं नाही. दोन्ही रॅम शेजारी-शेजारी बसवल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावरचा ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक दिवा पिवळा पेटला, स्क्रीन काळा.

वीस सेकंद थांबून बंद केलं. परत चालू. परत काळा. असं पाच वेळा. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला वेळ द्यावा लागतो हे मला माहीत होतं आणि तरी मी घाई करत होतो. शेवटी चालू ठेवून उठून गेलो. आलो तरी दिवा पिवळाच.

मशीन बंद केलं, वायर काढली, टॉर्च लावून बघितलं. माझ्या बोर्डावर स्लॉटला एकाच टोकाला खटका आहे, दुसरं टोक स्थिर. खटका लागला होता म्हणून मी स्टिक बसली असं धरून चाललो होतो. स्थिर टोकाकडे मात्र सोनेरी पट्टीची नखाएवढीही नाही अशी बारीक रेघ दिसत होती. त्या टोकावर अंगठा ठेवून दाबलं. बोर्ड थोडा वाकला, माझा जीव खालीवर झाला आणि ‘कट्’ असा आवाज आला. परत चालू केलं. दिवा विझला, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम, दिसलं.

दोन्ही टोकांना वेगवेगळं दाबा. खटक्यावर विश्वास ठेवू नका. गेलेला वेळ : दीड तास.

१२ जून

विंडोज टाकलं. भाचा आला, एक गेम लावला आणि म्हणाला, “मामा, हा अडखळतोय रे.”

सीपीयू-झेड, म्हणजे आतल्या भागांची माहिती दाखवणारा प्रोग्राम, उघडून बघितलं. चॅनलच्या रकान्यात ‘सिंगल’. कारण मी शेजारी-शेजारी बसवलेल्या. चार स्लॉटच्या बोर्डावर पहिले दोन बहुतेक करून एकाच चॅनलचे असतात. काही बोर्डांवर स्लॉट जोडीजोडीने रंगवलेले असतात. स्वस्त बोर्डावर चारही काळे. प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा, म्हणजे ए२ आणि बी२, हे बोर्डाच्या पुस्तिकेत पहिल्या काही पानांत चित्रासकट छापलेलं होतं. पुस्तिका मी उघडलीच नव्हती.

स्लॉट बदलले. ‘ड्युअल’ आलं. तोच गेम, तीच जागा; अडखळणं गेलं. या सगळ्या कामात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही आणि याला पैसा लागला नाही.

आणखी एक : सीपीयू-झेडमध्ये वेग १३३३ दिसला म्हणून दचकू नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा माल पोचवणं, त्यामुळे तिथला आकडा निम्मा असतो. १३३३ म्हणजे २६६६.

आज इथे थांबलो असतो तर ही वही इथेच मिटली असती.

१३ जून

नवी स्टिक ३२०० ची घेतली आणि चालतेय २६६६ वर, हे मला सहन होईना.

बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं. रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, तीत ती रॅम कोणत्या वेगाला, किती व्होल्टला चालते याची नोंद असते. एक्सएमपी म्हणजे त्यातली जास्त वेगाची नोंद, बहुधा १.३५ व्होल्टची. ती वापरायला आपण सांगावं लागतं. तोवर रॅम साध्या नोंदीवर, १.२ व्होल्टवर चालते. माझ्याकडे ही नोंद फक्त नव्या स्टिकमध्ये. बोर्डाने तीच दोघींना लावली.

काळा स्क्रीन. तीनदा आपोआप बंद-चालू झालं, मग तेही थांबलं. बायोसची सेटिंग पुसावी लागली : वायर काढली, बॅटरीजवळच्या दोन पिनांवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवलं, मग सगळं मूळपदावर.

१४ जून

हट्ट. ३२०० नाही तर नाही, २९३३ करू. वेग हाताने निवडला, व्होल्ट १.३५, आणि टायमिंग (कुठल्या कामाला रॅमने किती ठोके घ्यायचे; पहिला आकडा सीएल) नव्या स्टिकचं, १६-१८-१८-३८. चालू झालं! विंडोज आलं, गेम चालला. पाठ थोपटून घेतली आणि मशीन भाच्याकडे पोचवलं.

मेमरी तपासणीचा प्रोग्राम चालवला नाही. पेनड्राइव्ह शोधायचा कंटाळा.

१७ जून

भाच्याचा फोन. एक मोठी झिप फाइल उघडत नाही, खराब आहे म्हणते. म्हटलं, परत उतरव. परत उतरवली, परत खराब. पण तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली. ब्राउझरचा एखादा टॅब अधूनमधून मरतो. रात्री निळा स्क्रीन, त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’.

मी काय केलं? एसएसडीवर संशय घेतला.

१८ जून

विंडोज नव्याने टाकलं. टाकतानाच एकदा अडकलं. पूर्ण संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत निळा स्क्रीन.

१९ जून

बायोस जुनं असेल म्हणून नवं टाकलं. नव्या आवृत्त्यांमध्ये रॅमशी जुळवून घेण्यातल्या सुधारणा असतात, त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. पण रॅम डळमळीत असताना बायोस टाकणं हा शुद्ध वेडेपणा. ती फाइल आधी रॅममध्येच येते आणि एक बिट इकडचा तिकडे झाला तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. आधी सगळं मूळ सेटिंगवर आणायचं, मग टाकायचं. मी तसं केलं नाही. वाचलो, ते नशिबाने.

बायोस नवं टाकल्यावर सेटिंग पुसली गेली होती, ती मी परत हाताने भरली. २९३३, १६-१८-१८-३८. म्हणजे रोग्याला औषध पाजून परत तेच खायला घातलं.

२० जून

शेवटी पेनड्राइव्ह सापडला. मेमटेस्ट८६, तोच मेमरी तपासणीचा प्रोग्राम, टाकून मशीन त्यावरून चालू केलं. चहा ठेवायला उठावं एवढा वेळही झाला नव्हता, लाल ओळी उतरायला लागल्या. प्रत्येक ओळीत पत्ता, काय लिहिलं होतं आणि काय वाचलं गेलं. आठ अक्षरांतलं एकच वेगळं. लिहिताना ‘एफ’, वाचताना ‘ई’. एका बिटाचा फरक. सहा दिवस झिप फाइली, ब्राउझर, विंडोज सगळं त्या एका बिटाने खाल्लं होतं.

आता पद्धतशीर. एक स्टिक काढली, दुसरी एकटी ए२ मध्ये, मूळ वेगावर. चार फेऱ्या, स्वच्छ. मग काढलेली तशीच, त्याच स्लॉटमध्ये. स्वच्छ. नवी एकटी एक्सएमपीवर, ३२०० ला. स्वच्छ. मग दोन्ही एकत्र, २६६६ ला, सगळं ‘ऑटो’. तेही स्वच्छ! एकेका चाचणीला दीड-दोन तास, दोन्ही स्टिक असल्या की तीन. सगळा दिवस आणि अर्धी रात्र गेली. पण बोर्ड, स्लॉट, प्रोसेसर, दोन्ही स्टिक, सगळे एकाच दिवसात संशयातून सुटले. दोषी एकटा मी भरलेला आकडा.

२१ जून

कागदावर मांडल्यावर इतकं सरळ होतं की लाज वाटली.

सीएल म्हणजे किती ठोके थांबल्यावर रॅम उत्तर देते. ठोका वेगानुसार लहान-मोठा होतो, म्हणून नुसता सीएल बघून काही कळत नाही. वेळ काढायची रीत : सीएल गुणिले २००० भागिले वेग. उत्तर नॅनोसेकंदात.

जुनी स्टिक, २६६६ ला सीएल १९ : १४.२५.
नवी स्टिक, ३२०० ला सीएल १६ : १०.
मी दोघींना लावलेलं, २९३३ ला सीएल १६ : १०.९.

नवीला १०.९ म्हणजे आराम. जुनीला मात्र मी सव्वाचौदाचं काम अकराच्या आत करायला लावत होतो. ती बिचारी बहुतेक वेळा करतही होती. साफ नापास झाली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. हजारातून एकदा चुकणारी रॅम ही बंद पडलेल्या रॅमपेक्षा वाईट.

मग ही जोडी २६६६ वरच का ठेवू नये? ठेवता येते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं तर मी तीच ठेवली असती आणि तुम्हालाही तेच सांगितलं असतं. इथे ग्राफिक्स रॅमवर जगतंय, म्हणून मन मानेना. तोवर मशीन २६६६ वर करून भाच्याला दिलं. “आता पडणार नाही ना?” नाही पडणार.

२३ जून

नवी स्टिक परत दिली. विक्रेत्याने घेतली, पण पाकीट फोडल्याबद्दल किमतीचा दहावा हिस्सा कापला. त्याचं चुकलं नाही.

आता दोन स्टिकचा एकत्र संच घ्यायचा. संचातल्या स्टिक एकमेकींसोबत तपासून एका पाकिटात घातलेल्या असतात. सुट्या दोन घेतल्या, अगदी एकाच नावाच्या, तरी आतल्या चिपा वेगळ्या निघू शकतात. नाव तेच ठेवून कंपन्या आतला माल बदलतात.

बोर्डाच्या कंपनीची तपासलेल्या रॅमची यादी असते, ती या वेळी खरोखर वाचली. तिथेही एकदा घसरलो. यादी प्रोसेसरच्या पिढीनुसार वेगवेगळी असते, वर ‘मॅटिस’, ‘व्हर्मीअर’, ‘सेझान’ अशी नावं. ५६००जी म्हटल्यावर मी ५६००एक्सचीच यादी, म्हणजे व्हर्मीअरची, बघत बसलो. ५६००जी सेझानमध्ये येतो. नावात ५६०० असलं तरी घराणं वेगळं.

यादीत मॉडेलचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवायचा. शेवटच्या एक-दोन अक्षरांत एक स्टिक की दोनचा संच, रंग कोणता, हे दडलेलं असतं. त्याच ओळीत एकावेळी किती स्टिक घालून तपासलं तेही असतं; तिथे दोनवर खूण हवी. यादीत नसलेली रॅम चालत नाही असं मुळीच नाही, कित्येक चालतात. असलेली असली की भांडायला जागा राहते, एवढंच.

सगळ्यात स्वस्त संच जवळपास घेतलाच होता. ८ जीबीची स्टिक, ३२००, सगळं बरोबर. फोटो मोठा करून बघितला तर पट्टीवर चारच चिपा. लेबल ‘१आरx१६’. अशा चार रुंद चिपांच्या स्टिकमध्ये प्रत्येक चिपच्या आतले मेमरीचे गट निम्मेच असतात, त्यामुळे त्याच वेगाला ती थोडी मागे पडते. शिवाय सीएल २२, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. ऑफिसच्या मशीनला चालेल, इथे नको. आठ चिपांची ‘१आरx८’ सीएल १६ ची घेतली. दिवे आणि उंच रंगीत पत्रे असलेली मुद्दाम टाळली. १.३५ व्होल्टला या रॅमला पत्र्याची गरज नाही, आणि मोठा कूलर लावायचा ठरला तर तोच पत्रा त्याला आडवा येतो.

वेगळा बोर्ड असणाऱ्यांसाठी इथेच लिहितो, कारण शोधताना हेही वाचावं लागलं. इंटेलच्या दहाव्या पिढीचा आय३ आणि एच४१० बोर्ड असेल तर ३२०० ची रॅम २६६६ वरच चालते, सेटिंगने वाढत नाही. जास्तीचे पैसे घालू नका. इंटेलच्याच एलजीए१७०० सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्डांत काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. नाव जवळजवळ तेच, शेवटचं अक्षर बघा. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५. डीडीआर५ च्याही पिना २८८ च, पण खाच सरकवलेली, म्हणून जोर करून बसवू नका.

२७ जून

संच आला. बसवायच्या आधी दोन्ही लेबलांचे फोटो काढले. ए२, बी२. दोन्ही टोकांना अंगठा, दोन ‘कट्’. पहिल्यांदा मूळ वेगावर चालू केलं, मग एक्सएमपी. स्क्रीन क्षणभर काळा, दिवा पिवळा. या वेळी हात मांडीवर ठेवून बसलो. विझला. ३२००, १६-१८-१८-३८, १.३५ व्होल्ट.

विंडोजच्या आधी मेमटेस्ट. चार फेऱ्या, तीन तास, एकही लाल ओळ नाही. मग विंडोज तिसऱ्यांदा टाकलं, कारण सहा दिवस खराब रॅमवरून लिहिल्या गेलेल्या फाइलींवर माझा भरवसा नव्हता. ती झिप फाइल पहिल्या झटक्यात उघडली.

१२ तारखेच्या मानाने गेममध्ये फरक दिसतो, पण सिंगलवरून ड्युअलवर जाताना दिसला तेवढा नाही. खर्चाचा हिशोब : अर्धे पैसे वाचवायला गेलो, कापलेला हिस्सा आणि परत पाठवायचा खर्च धरून, सरळ संच घेण्यापेक्षा जास्तच लागले. वर दोन आठवडे.

२८ जून

“मामा, तू १६ म्हणालास. इथे वापरायला १३.९ च दाखवतंय.”

क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं, बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी २ जीबी मीच राखून ठेवलेत. ती रॅम कुठे गेली नाही, ग्राफिक्सच्या नावावर आहे. त्याला समजावलं. कमी करून ५१२ एमबीही ठेवता येतात, गरज पडली तर ग्राफिक्स वरून आणखी मागून घेतं. पण काही गेम सुरुवातीलाच आकडा विचारतात, म्हणून २ ठेवलेत.

३० जून

भाच्याचा पुढचा प्रश्न आलाच : दोन स्लॉट रिकामे आहेत, ती जुनी २६६६ वाली घालू का?

नाही म्हटलं. चार स्लॉट भरले की प्रोसेसरवर ताण वाढतो. रायझनच्या या पिढीला एका रँकच्या चार स्टिक असतील तर एएमडी २९३३ सांगते, दोन रँकच्या चार असतील तर २६६७. आणि एक विजोड घातली की तिसऱ्या स्लॉटपायी दोन्ही चॅनलचा समतोल बिघडतो. ३२ जीबी हवे झाले तर हा संच विकून १६-१६ चा घ्यायचा.

जुनी स्टिक माझ्या ऑफिसच्या मशीनमध्ये घातली. तिथे आधीची २६६६ च आहे, सीएल १९, कंपनी दुसरी. सेटिंगला हात लावला नाही. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवलाय.